राणीचा कुरतडलेला कोपरा

रविवारी दुपारी, बहिणीच्या घरी, कपातला चहा गार होत असताना त्याला बदामच्या राणीचा कुरतडलेला कोपरा दिसला. आणि त्या घरात तो कोपरा दिसणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावण्यासारखंच होतं. पत्त्यांचा जोड ताईचा. तिचा नातू रांगत होता तेव्हा त्याने आपला पहिलावहिला दात या राणीवर पाजळून पाहिला. आता त्या नातवाला दिवसातून दोनदा दाढी करावी लागते, पण जोड तोच, कारण ताईने जन्मात काही टाकून दिलेलं नाही. (भाऊजी म्हणतात, म्हणूनच मी अजून या घरात आहे.) त्या कोपऱ्यामुळे राणी पाठीकडूनही ओळखू येते, तेव्हा घराने कायदा केला: जिच्या किंवा ज्याच्या हाती राणी येईल त्याने कोपऱ्यावर अंगठा ठेवायचा आणि बाकीच्यांनी कुणाच्याच अंगठ्याकडे बघायचं नाही. दिसलं तरी दिसलं नाही. हा कायदा इतक्या निष्ठेने पाळला जाई की भाऊजी हातात नुसती सत्ती-दुर्री असली तरी शिष्टाचार म्हणून कोपरा दाबून बसत. आणि डॉक्टरीणबाईंचा अंगठा तर विचारूच नका. दातांच्या डॉक्टर त्या. त्या अंगठ्याने अर्ध्या गावाच्या दाढा उपटल्या होत्या, आणि उरलेलं अर्धं गाव त्या अंगठ्याच्या भीतीने दोन वेळा दात घासत होतं. तो अंगठा कधी घसरला नव्हता. त्या दिवशी बाई "पॅक" म्हणाल्या, हातातले दोन्ही पत्ते पालथे मधे सरकवले, आणि अंगठा उचलला. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ तो खाल्लेल्या बिस्किटासारखा कोपरा टेबलावर पडून होता. मग ताईने पत्ते गोळा केले, भाऊजींनी सुस्कारा सोडला, आणि बटणांचा सगळा ढीग त्याच्याकडे आला, जो त्याचा नव्हता.

खेळ पोकरचा, आणि तोही मर्यादेचा. प्रत्येकाला दोन पत्ते, आणि मधे सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन उघडायचे, मग एक, मग शेवटचा. त्या सगळ्यांतून ज्याचा डाव मोठा जुळेल तो जिंकला. मधल्या प्रत्येक थांब्यावर चाल करायची, पण चालीला वेसण घातलेली. पहिल्या दोन फेऱ्यांना एक पांढरं सदऱ्याचं बटण, पुढच्या दोन फेऱ्यांना एक काळं कोटाचं, दोन पांढऱ्यांच्या मोलाचं. आणि एकाने चाल केली की ती फार तर तीनदा वाढवायची, पुढे कुलूप. होतं नव्हतं ते सगळं टेबलावर ढकलून मिशीला पीळ द्यायची सोय नाही. ताई शिंपीण असल्यामुळे बटणांना तोटा नव्हता. तिची बरणी एवढी जुनी की तळाशी कुठल्यातरी बुडालेल्या राजाच्या अंगरख्याची बटणं आहेत असं भाऊजी शपथेवर सांगत. भाऊजी आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचत आले, त्यामुळे त्यांच्या शपथेला वजन होतं आणि अर्थ नव्हता. तर अशा खेळात माणूस एका घावात मरत नाही, एकेका बटणाने झिजतो. म्हणून प्रश्न फिरून फिरून एकच येतो: हे एक बटण टाकू की नको? या प्रश्नाचं उत्तर टेबलाला शिकवलं होतं ते डॉक्टरीणबाईंनीच. "ढीग दहा बटणांचा, आणि समोरच्याचे पत्ते बघायला लागणार एक. दहादा हरलात तरी अकराव्यांदा फिटतं की नाही? मग अशा वेळी पॅक करणारा माणूस सावध नव्हे, चिक्कू." हे सांगताना त्या त्याच्याकडे बघत, कारण तसा चिक्कू टेबलावर एकच होता.

तो लिफ्ट तपासनीस. शंका हेच त्याचं पोट भरायचं साधन. जरा कुठे काही खुट्ट झालं की लिफ्टच्या दाराला 'बंद' पाटी. एकदा तर म्हणे टपावर बसलेल्या कबुतराचा चेहरा चिंताग्रस्त वाटला म्हणून त्याने अख्ख्या बँकेची लिफ्ट बंद ठेवली होती; खोटं वाटेल, पण ते कबुतर दुसऱ्या दिवशी खरंच तिथून निघून गेलं. पत्त्यांतही तेच. चांगले पत्ते आले तरच खेळणार, नाहीतर पॅक. भाऊजींनी त्याचं नावच 'पॅकराव' ठेवलेलं. मेहुणा झोपेत कूस बदलण्याआधीसुद्धा दोन्ही बाजूंचा अंदाज घेतो, असं ते सांगत, आणि हे त्यांनी पाहिलेलं नसलं तरी खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी तो एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या पेटीच्या टपावर उभा होता. वर काळोख, खाली काळोख, मधे विजेरीचा पिवळा गोल आणि वंगणाचा वास. हात आपोआप दोर चाचपत होते, आणि डोकं रविवारच्या टेबलावर बसलेलं. पुन्हा पहिल्यापासून. हातात चौकटचा गुलाम आणि चौकटची दश्शी. मधे पहिले तीन पत्ते भाऊजींनी वाचून दाखवले, "आताच हाती आलेल्या वृत्तानुसार किलवरची राणी, चौकटची नव्वी, चौकटची चव्वी, सविस्तर वृत्त थोड्या वेळाने." म्हणजे हातात काही नव्हतं, पण होण्यासारखं केवढंतरी! आणखी एक चौकट आली की पाची चौकट. राजा किंवा अठ्ठी आली की ओळीने पाच. तिथे त्याने चाल केली, आणि ते बरोबरच होतं. पन्नास वेळा तपासलं तरी बरोबर. ताई आणि भाऊजी तिथेच गळाले. बाईंनी वाढवलं. त्याने परत वाढवलं. त्यांनी आणखी एकदा, आणि कुलूप. चौथा पत्ता इस्पिकची दुर्री. निरुपयोगी. बाईंनी काळं बटण टाकलं, त्याने टाकलं. ढिगाकडे बघता तेही बरोबर. पाचवा पत्ता इस्पिकची तिर्री. सगळं होण्यासारखं होतं ते एका क्षणात न झालेलं झालं. हातात उरला एक गुलाम, आणि तोही एकटा. बाई चाल न करता थांबल्या. चाल त्याच्याकडे आली. आणि मग ते घडलं, जे आठवून आत्ता या काळोखात त्याचे कान पुन्हा तापले: त्याने काळं बटण उचललं. त्या बटणाला चार भोकं होती. एका भोकात जुन्या कोटाचा धागा अडकून राहिला होता, राखाडी, आणि तो धागासुद्धा त्याला इतका स्पष्ट दिसत होता की जणू खोलीला कुणीतरी नुकतीच काच पुसून लावली होती. ताईचा श्वास, भाऊजींच्या चपलेची करकर, बाईंच्या चष्म्यात उलटी दिसणारी खिडकी. साठी ओलांडलेला माणूस, जन्मात पहिल्यांदा, हातात काही नसताना चाल करत होता. आणि तो काय घाबरला होता? छे! हसू आवरत नव्हतं त्याला. पोटात एक लिफ्ट सुटली होती, कुठल्याही दोराविना, आणि ती खाली नव्हे, वर चालली होती.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पॅक." आणि अंगठा उचलला.

विजेरीच्या गोलात समोरून समतोलाचं वजन खाली येत होतं. पेटी वर जाते तेव्हा वजन खाली येतं, आणि बरोबर मध्यावर दोघं एकमेकांशेजारून जातात, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. या धंद्यातला हा एवढाच क्षण त्याला मनापासून आवडायचा. बायकोशिवाय गेलेल्या आयुष्यात हे सांगायला त्याला कुणी नव्हतं. एकदा फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, रविवारचा खेळ संपल्यावर त्यांना त्यांच्या कोपऱ्यापर्यंत सोडताना. कोपऱ्यापर्यंतच. तिथे तो दर रविवारी "बरं" म्हणून वळायचा. ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "इतक्या वर्षांत रोज भेटतात आणि एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत? दोघंही बावळट." तेव्हा तो हसला होता. आत्ता वजन शेजारून गेलं आणि त्याने त्याला चक्क हात लावला. नियमाने हे करायचं नसतं.

पण राणी का टाकली? मधे राणी, हातात राणी, जोडी बसलेली. ढीग दहाएक काळ्या बटणांच्या मोलाचा, आणि बघायला लागणार एक. त्यांचाच नियम. ज्या बाईने हा नियम शिकवला तिने तो मोडला, तर त्याला कारण हवं. पहिलं कारण सरळ होतं: त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. जो माणूस कधी थाप मारत नाही त्याने शेवटी चाल केली, तर त्याच्याकडे दोन नव्व्या असणार, दोन चव्व्या असणार, म्हणजे मधलीसकट तीन. नियम दहाला एक असला तरी समोर पॅकराव असेल तर थाप सापडण्याची शक्यता शंभराला एकसुद्धा नाही. हे कारण त्याला आवडलं आणि लगेच नकोसंही झालं, कारण या हिशेबात तो माणूस नव्हताच, नुसती 'बंद' पाटी होता. दुसरं कारण त्याहून वाईट: दया. मागच्या महिन्यात त्याला काम करताना जरा भोवळ आली होती. ताईने ते प्रकरण आकाशवाणी करावी तसं पसरवलं होतं. तिनेच बाईंना सांगितलं असणार, त्याला जरा जिंकू द्या. आणि तिसरं कारण? तिसऱ्या कारणाकडे तो पोचायचा आणि मजल्याच्या खाली थोडं अडकलेल्या पेटीसारखा तिथेच थांबायचा. दार उघडलं तर उंबरा छातीशी. बंद केलं तर आत आपण एकटेच. तिसऱ्या कारणात तो अंगठा होता. पॅक करायला अंगठा उचलावा लागत नाही.

बुधवारी न राहवून तो ताईच्या दुकानात गेला. ती तोंडात टाचण्या धरून कुणाच्या तरी विजारीला खुणा करत होती.

"ताई, तू डॉक्टरीणबाईंना काही सांगितलंस? माझ्याबद्दल?"

"रोजच सांगते," टाचण्यांमधून ताई म्हणाली. "सांगण्यासारखं काही नसतं, तरी सांगते."

"तसं नाही. मला जिंकू द्या वगैरे."

ताईने टाचण्या काढून उशीत खोचल्या. याचा अर्थ आता नीट बोलणी खावी लागणार. "धाकट्या, तुला लहानपणी सोंगट्यांत जिंकू द्यायचे तर तू रडायचास, तेव्हापासून मी तो धंदा सोडला. आणि ती बाई कुणाचं ऐकते? माझी दाढ काढताना मी हात धरला तर म्हणाली, हात सोडा नाहीतर दुसरीही काढीन."

"मग तिने राणी का..." एवढं बोलून तो थांबला.

"कुठली राणी?" ताईने चष्म्यावरून बघितलं. फार वेळ बघितलं. मग एकदम विजारीकडे वळली, आणि तिच्या खांद्यांवरून कळलं की ती हसते आहे. "मला काही दिसलं नाही. या घरात दिसलं तरी दिसत नाही. आणि काय रे, तिच्या इमारतीची लिफ्ट कधी सुरू करणार आहेस? केव्हाची बंद ठेवली आहेस. चार जिने चढते ती."

"तिसऱ्या मजल्यावर कुई आवाज येतो."

"तुझ्या डोक्यात येतो तो."

तो बाहेर पडला तेव्हा दया हे कारण गळून पडलं होतं, आणि तेवढ्यानेच पाय भरभर पडू लागले. रस्त्यावरून चालताना त्याला दिसत होतं की दुकानांच्या काचा, सायकली, फळवाल्याने रचलेली संत्री, सगळ्यांनाच आज कडा फुटल्या आहेत. विश्वास की ते तिसरं? याचं उत्तर घरी बसून काढता येणार नाही हे त्याच्यासारख्या माणसाला उमगायला गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी दाढी करताना फेसाने माखलेल्या तोंडाला आरशात पाहून तो थबकला. बाईंचा तो नियम दोन्ही बाजूंनी चालतो की! बघणाऱ्याला जसं अकरातून एकदाच बरोबर यावं लागतं, तसं चाल करणाऱ्यालाही. ढीग केवढा आहे ते बघा: इतके रविवार, इतका रस्ता, इतक्या वेळा कोपऱ्यावर म्हटलेलं "बरं". आणि लागणार काय? एक वाक्य. हसं झालं तर होईल. दहादा झालं तरी परवडेल. त्याने फेसातूनच आरशातल्या माणसाला विचारलं, "काय पॅकराव?" आणि आरशातला माणूस लाजला, असं त्याने पुढे सगळ्यांना सांगितलं, फेसामुळे त्याला नक्की दिसलं असेल असं वाटत नाही.

रविवारी खेळ झाला. बदामची राणी दोनदा भाऊजींकडे गेली, आणि एकदा भाऊजींकडे नसतानाही त्यांनी ती असल्यासारखा अंगठा ठेवला. तो काय खेळला ते त्याला सांगता आलं नसतं. निघताना ताईने त्याच्या सदऱ्याची कॉलर उगाचच सारखी केली. रस्त्यावर संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं, आणि दोघांच्या सावल्या त्यांच्यापेक्षा पुढे, घाईने चालल्या होत्या. कोपरा आला. बाई थांबल्या, नेहमीसारख्या, त्याच्या "बरं"साठी.

"डॉक्टर, मागच्या रविवारी तुम्ही राणी का टाकलीत?"

बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुठली राणी?"

"बदामची."

"म्हणजे तुम्ही कोपरा बघितलात."

"बघितला."

"नियम मोडलात, तपासनीस."

"मोडला," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला इतका आनंद झाला की तो जवळजवळ पुन्हा म्हणणार होता.

"आठवडाभर वाट बघितली मी," बाई म्हणाल्या. "म्हटलं, हा माणूस बघेल का? बघितलं तर विचारेल का? आज 'बरं' म्हणून वळला असतात ना, तर पुढच्या रविवारी बटणं परत मागणार होते."

"पण पॅक का केलंत? तुम्हाला वाटलं माझ्याकडे दोन नव्व्या आहेत?"

"तुमच्याकडे?" त्या अशा हसल्या की समोरच्या बाकावरचा म्हातारा वर्तमानपत्रातून बाहेर आला. "तुमच्याकडे शष्प नव्हतं. पत्ते चांगले असले की तुम्ही कसे निवांत चहा पिता, माहीत आहे? शेवटच्या थेंबापर्यंत. त्या दिवशी कपाला हातही लावला नाहीत. साय धरली त्याच्यावर."

"मग बघायचं होतं ना एक बटण टाकून! नियम तुमचाच."

"बघितलं असतं तर तुम्ही पकडले गेला असता. आणि पकडले गेला असता तर पुन्हा जन्मात चाल केली नसती. मी ओळखत नाही का तुम्हाला? एक कुई ऐकू आली की झालं. दहा बटणांसाठी मी ते होऊ देऊ? एवढी चिक्कू नाही मी."

डाव पुन्हा पहिल्यापासून त्याच्या डोक्यात उलगडत गेला, पण आता दुसऱ्या बाजूने, खिडकी जिथे उलटी दिसते तिथून. आणि तिथून दिसत होता एक माणूस, कान लाल झालेले, काळं बटण धरलेला, आणि पहिल्यांदाच काहीतरी मागणारा. तो माणूस त्याला बरा वाटला.

"चला," बाई म्हणाल्या, "चहा देते. मात्र चढावं लागेल. लिफ्ट बंद आहे. कुणीतरी गाढवाने बंद केली आहे."

पहिल्या जिन्यावर त्याने कठडा धरला आणि म्हटलं, "उद्या संध्याकाळी फिरायला येता?" श्वास लागला होता म्हणून शब्द तुटक आले, पण चाल ती चालच.

बाई वर बघत चढत राहिल्या. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर थांबून म्हणाल्या, "उद्या आणि परवाही."

तो हसला. त्याच्या लक्षात आलं की त्या वाढवत आहेत. तिसऱ्या मजल्यावर, जिथे त्याला कुई ऐकू आली होती तिथेच, बंद लिफ्टच्या जाळीला टेकून त्याने दम घेतला. आत सगळं शांत होतं. "रोज," तो म्हणाला.

वरून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला, दोन पायऱ्या चढल्या, मागे वळल्या. "रोज तुम्ही तिकडून इकडे यायचं, मी चार जिने उतरायचं, मग तुम्ही मला पोचवायचं, मी पुन्हा चढायचं. या वयात परवडणार नाही. त्यापेक्षा तुम्ही इथेच राहायला या. रीतसर. ताईंना मी सांगते, तुम्ही घाबराल."

जाळीला टेकलेला त्याचा हात तिथेच राहिला. एक चाल, आणि तीनदा वाढवून झालं. त्याला पुढे वाढवता येणार नव्हतं, कायद्याने नव्हतं. किती बरं झालं कायदा आहे, नाहीतर त्या आनंदाच्या भरात त्याने त्याच पायरीवर नातवंडांचीसुद्धा गोष्ट काढली असती.

"कुलूप," तो म्हणाला.

"मग घाला बटण."

त्याने खरंच खिशात हात घातला. तिथे मागच्या रविवारचं एक काळं बटण होतं, राखाडी धागा अडकलेलं; ताईच्या बरणीत परत टाकायचं राहून गेलेलं, किंवा राहू दिलेलं. ते त्याने त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते अंगठ्याखाली झाकून धरलं आणि चौथा मजला तसाच चढल्या. किल्ली डाव्या हाताने लावली, दार खांद्याने ढकललं.

चहा झाला. बाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसून, हनुवटी हातावर टेकवून, दाढ बघावी तशा बारकाईने बघत राहिल्या. चहा कढत होता. फुंकायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने कप उचलला, डोळ्यांतून पाणी आलं तरी खाली ठेवला नाही, आणि शेवटच्या थेंबापर्यंत सगळा पिऊन टाकला.